भिंगाचं खापर गुलालावर

"गुलाल? कसला गुलाल?" मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रावरून डोकं वर काढून विचारलं.

मी हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवून बसलो होतो. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. मला जे सांगितलं गेलं होतं ते मी पाठ केल्यासारखं सांगून टाकलं. नंबर घालवायला डोळ्यात लेन्स बसवली, मग जोतिबाला गेलो, तिथं गुलाल डोळ्यात गेला, त्याचे कण आत रुतलेत, आणि ते निघेपर्यंत डोळा असाच लाल राहणार आहे.

बाईंनी उजेडाची ती उभी पट्टी पुन्हा डोळ्यात सोडली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यात गुलालाचा एक कण नाही. गुलाल पापणीखाली जातो, फार तर वरून खरचटतं, आठवड्याभरात बरं होतं. तुमची सूज आत आहे. याला आयरायटिस म्हणतात. आणि तो त्या लेन्समुळं झालाय."

आयरायटिस म्हणजे डोळ्याच्या रंगीत पडद्याला येणारी सूज. काळ्या बाहुलीभोवती जो तपकिरी गोल दिसतो, तो पडदा. माझी लेन्स बरोबर त्याच्यापुढं बसवली होती आणि तिचे पाय पडद्याच्या कडेला टेकवलेले होते. मी डोळा फिरवला, चोळला, की ते पाय पडद्यावर घासायचे. बाईंनी सोपं करून सांगितलं, "नवी चप्पल एकाच जागी चावत राहते ना, तसं. फक्त ही चप्पल तुम्हाला काढून ठेवता येत नाही."

हे ऐकून मला आधी डोळ्याची भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी आठवला माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, चेहरा. आणि त्याच्या पाठोपाठ हे गुलालाचं कारण सांगणाऱ्या कोल्हापूरच्या डॉक्टरची अशी शिसारी आली की तिथंच थुंकावंसं वाटलं.

ज्यांच्या चष्म्याची काच बाटलीच्या बुडाएवढी जाड आहे आणि ज्यांना कुणीतरी "चष्मा फेकून द्या" म्हणून भुलवतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गोडीनं लिहायला जमणार नाही, तेवढं सांभाळून घ्या.

मी सोनार. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आमचं छोटं दुकान आहे. दादा पुढं बसून गिऱ्हाईक बघतो, मी मागं बसून घडवतो. साज, बोरमाळ, नथ. डाव्या डोळ्याचा नंबर उणे सोळा, उजव्याचा त्याहून थोडा कमी. शाळेत मला नावानं कुणी हाक मारली नाही, 'ढापण्या' म्हणायचे. मोठेपणी तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, एवढाच फरक. फुंकणी तोंडात धरून जाळावर काम करताना घामानं चष्मा नाकावरून घसरायचा, नाकाला दोन्ही बाजूंनी खळगे पडले होते आणि उन्हाळ्यात ते चिघळायचे. रस्त्यात ओळखीचा माणूस हात करून गेला तरी मला दिसायचा नाही. मग तो चार ठिकाणी सांगायचा, सोनार माजलाय.

पण त्याच नंबरानं मला एक गोष्ट दिली होती. चष्मा काढला आणि वस्तू नाकाला टेकेल इतकी जवळ धरली की मला ती लख्ख दिसायची. साजाच्या पानाचा सांधा मी असाच जोडायचो. बाकीच्या कारागिरांना भिंग लावावं लागायचं. मला चष्मा काढला की झालं. मला वाटायचं, सगळ्याच चष्मेवाल्यांना असं दिसत असेल.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा कोल्हापुरात एका नव्या डोळ्यांच्या दवाखान्याचा फार बोलबाला झाला होता. थंडगार खोल्या, काचेचे दरवाजे, भिंतीवर डॉक्टरांचे परदेशातले फोटो. डॉक्टरांना सगळे 'सर' म्हणायचे. सरांनी माझे डोळे यंत्रावर तपासून घेतले आणि म्हणाले, "एवढ्या नंबराला लेसर चालत नाही. तुम्हाला फेकिक लेन्स बसवू." फेकिक म्हणजे डोळ्यातलं आपलं स्वतःचं भिंग न काढता त्याच्यापुढं आणखी एक कृत्रिम भिंग बसवायचं. आधी डावा डोळा, काही महिन्यांनी उजवा.

"गाडी चालवता का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मग मजा येईल बघा तुम्हाला."

मी दिवसभर काय काम करतो, हे त्या माणसानं एकदाही विचारलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय. तुमच्या डॉक्टरनं हे विचारलं नसेल, तर तुम्ही स्वतः सांगा, आणि त्याला ऐकायचं नसेल तर उठून या.

डोळ्याखाली सुई टोचून डोळा बधिर केला आणि लेन्स बसवली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखा मला चष्म्याशिवाय दिसल्या. मी रडलो. सरांच्या पाया पडलो. पुढं जे झालं त्यानंतर त्या पाया पडण्याची आठवण आली तरी मला माझीच किळस येते.

कामावर बसलो तेव्हा पहिला झटका बसला. डाव्या डोळ्याला लांबचं दिसत होतं, पण साजाचं पान जवळ धरलं की सगळं पीठ कालवल्यासारखं. मी डावा डोळा मिटून उजव्यानं काम करायला लागलो. सर म्हणाले, "सवय होईल." त्यानंतर काही आठवड्यांत डाव्या डोळ्याच्या कडेला लाली यायला लागली. उन्हात डोळा उघडवेना. दिव्याभोवती कडं दिसायचं. माझी बायको सुमन रोज सकाळी म्हणायची, "डोळा लाल दिसाय लागलाय. दाखवून या की." मी म्हणायचो, फुंकणीचा धूर लागला असेल.

याच सुमारास दादाचा नवस फेडायचा होता. माझ्या ऑपरेशनच्या आधी तो जोतिबाला बोलला होता, वसंताला चांगलं दिसू दे, तुझ्या पायरीवर येऊन गुलाल-खोबरं उधळीन. दादा म्हणजे आमच्या गल्लीतला मोठा आवाज. तो कुजबुजला तरी चार घरं ऐकतात. टाके सुटले तसं त्यानं आम्हा सगळ्यांना डोंगरावर नेलं. मी काळा गॉगल लावला होता. देवळापुढं दादानं दोन्ही मुठी भरून गुलाल उधळला, पहिली मूठ माझ्यावरच, आणि छाती फुटेस्तोवर "चांगभलं" ओरडला. जोतिबाला गेलेला माणूस गुलाबी होऊनच खाली उतरतो, तसा मीही उतरलो. रात्रीपर्यंत डोळा ठणकायला लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सरांकडं गेलो. दादानं सरळपणानं सांगून टाकलं, "सायब, माझ्याच हातनं गुलाल उडालाय. डोळ्यात गेला असंल."

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तेव्हा कळलं नाही. आज कळतं. त्या माणसाला सुटका झाल्यासारखं वाटलं होतं.

"झालं!" ते म्हणाले. "एवढं नाजूक काम करून दिलं, आणि तुम्ही त्यात गुलाल घातलात?"

सुमन मध्ये बोलली, "सायब, डोळा त्येच्या आधीच लाल होता. डोंगर चढायच्या आधी मी पदरानं टिपत हुते."

"वहिनी, तुम्ही जरा बाहेर बसा," सर म्हणाले. सुमन बाहेर जाऊन बसली आणि सगळ्या खोलीत जी एक खरी गोष्ट होती ती दाराबाहेर गेली.

मला स्टेरॉइडचे थेंब दिले. स्टेरॉइड म्हणजे सूज दाबून टाकणारं औषध. थेंब घशात उतरायचे, कडूजहर. थेंब चालू असेपर्यंत डोळा निवळायचा, बंद केले की पुन्हा लाल. प्रत्येक वेळी सर उजेड मारून बघायचे आणि म्हणायचे, "निघतोय हं गुलाल, निघतोय." त्यांच्या तोंडाला कायम वेलदोड्याचा वास असायचा. आजही कुणी वेलदोड्याचा चहा पुढं केला तर मी कप बाजूला सारतो.

त्या दवाखान्याच्या बाकावर मी किती वेळ घालवला याचा हिशेब नको. बाहुली मोठी करायचे थेंब घालायचे आणि मग तासन्‌तास विसरायचे. आम्ही सगळे मिटल्या डोळ्यांनी ओळीनं बसलेलो. नर्स यायची, प्रत्येकाची पापणी ओढायची, एकाच बोटानं सगळ्यांच्या. एकाचा डोळा पुवानं चिकटलेला, पुढचा मी. कोपऱ्यात कुणीतरी डब्यातली सुकी मासळी खायचं आणि त्या वासात फिनाइल मिसळायचं. आणि एवढ्यात सर बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "यांना बघून ठेवा. देवाला जा, पण गुलाल लांब ठेवा." मग सगळे मिटलेले डोळे उघडायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी डोळ्याच्या रोगानं आलो होतो की गुन्हा करून, कळायचं नाही.

घरी वेगळाच बाजार. बघायला येणारा प्रत्येकजण औषध घेऊन यायचा. कुणी धण्याचं पाणी, कुणी गाईचं तूप, कुणी निरशा दुधाच्या घड्या. एका मावशीनं पांढऱ्या कांद्याचा रस पिळायला घेतला तेव्हा सुमननं तिच्या हातातून वाटी काढून मोरीत ओतली. आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे, केळी न्या, बसा, गप्प बसा, आणि निघा.

पण हे सगळं मी सोसलं असतं. सोसवलं नाही ते दादाचं. त्याला कुणी उघड काही म्हणालं नाही, पण गुजरीत बातमी फिरली होती. भावानंच नवस केला आणि भावाच्याच डोळ्यात गुलाल घातला. दादा चैत्रातल्या यात्रेला गेला नाही. देव्हाऱ्यातली गुलालाची वाटी त्यानं कुठं ठेवली कुणास ठाऊक. गल्लीतला मोठा आवाज बंद झाला. जेवताना तो माझ्याकडं बघायचा नाही, ताटात बघायचा. मी म्हणायचो, दादा, होईल बरा. तो नुसती मान हलवायचा आणि अर्ध्या भाकरीवर उठायचा.

असं वर्ष उलटून गेलं. मग सरांनी उजव्या डोळ्याची तारीख दिली. म्हणाले, "दोन्ही डोळे सारखे झाले की तोल येईल. यावेळी गुलाल नको म्हणजे झालं." मी तयार झालो होतो. माणूस थकला की कुणाचंही ऐकतो.

सुमन दारात आडवी उभी राहिली. "ह्यो डोळा मी त्याला दिऊ देणार न्हाय," ती म्हणाली. "डाव्यानं तुमाला जेवणातला खडा दिसत न्हाय. घर ह्या उजव्यावर चाललंय. त्यो बी घालवून आला, तर मंग मी काय तुमच्या फुंकणीत फुंकू?" आणि तिनं मला एसटीत बसवून मिरजेला नेलं. तिथं जे ऐकलं ते वर सांगितलंच आहे.

मिरजेच्या बाईंनी पुढं आणखी तपासण्या केल्या. डोळ्यातला दाब वाढला होता. सारखे स्टेरॉइडचे थेंब घातल्यानं असं होतं, आणि दाब वाढत गेला तर मागची नस मरते. याला काचबिंदू म्हणतात. गेलेली नस परत येत नाही. मग कॉर्निया तपासला. कॉर्निया म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच. तिच्या आतून पेशींचा एकच थर असतो आणि तोच तिला स्वच्छ ठेवतो. त्याही पेशी मेल्या की नव्या येत नाहीत. यंत्राच्या पडद्यावर त्यांनी मला दोन्ही डोळ्यांतल्या त्या पेशींचे फोटो दाखवले. उजव्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी गच्च घरं. डाव्यात भगदाडं. बाहुलीही गोल राहिली नव्हती, मांजरासारखी लांबुळकी झाली होती.

"लेन्स काढावी लागेल," बाई म्हणाल्या. "उशीर झालाय. डोळा पहिल्यासारखा होईल असं मी सांगणार नाही. उरलाय तेवढा वाचवू. आणि उजव्याला कुणाला हात लावू देऊ नका."

घरी येऊन मी दादाला सांगितलं, गुलालाचा काही संबंध नाही. त्याला ते पटेना. "तुला बरं वाटावं म्हणून बाई बोलल्या असतील," म्हणाला. म्हणून सरांकडं पहिल्या ऑपरेशनचे कागद आणायला गेलो तेव्हा मी त्याला बरोबर नेलं. म्हटलं, ज्यानं सांगितलं त्याच्याच तोंडून ऐक.

सरांनी मिरजेचे कागद चाळले. चेहऱ्यावर घाम नाही, काही नाही. "असं होऊ शकतं," म्हणाले. "काही डोळ्यांना ही लेन्स सोसत नाही. आता नवीन चांगल्या लेन्स आल्यात."

"आन्‌ गुलाल?" दादानं विचारलं.

"ते एक कारण असू शकतं असं म्हणालो होतो मी. नक्की असं नव्हतो म्हणालो."

मला वाटलं, दादा आता टेबल उलथवणार. तो उलथवणारा माणूस आहे. पण तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला आणि इतक्या हळू बोलला की मला कान द्यावा लागला. "सायब, म्या माझ्या देवाकडं पाठ फिरीवली की वो."

सरांनी घंटी वाजवली आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं.

चुका डॉक्टरांच्याही होतात. नवी वस्तू होती, त्यांनाही पुरती कळली नसेल, डोळ्याचं मी एकवेळ समजून घेईन. पण ज्या माणसाला लाल डोळ्याचं कारण आपणच बसवलेली लेन्स आहे असा नुसता संशय जरी आला असेल, आणि तरी त्यानं तो संशय एका भोळ्या माणसाच्या मुठीत कोंबला असेल, त्या माणसाचा मला अजून उबग येतो. हे लिहिताना बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाहीये.

मिरजेत लेन्स काढली. बाईंनी ती एका बशीत घालून दाखवली. मी उजव्या डोळ्यावरचा चष्मा काढला आणि बशी नाकाशी धरली. नखाच्या टोकाएवढी पारदर्शक चकती, दोन बाजूंना वाकवलेले पाय, आणि त्या पायांच्या टोकांना लागलेली तपकिरी पूड. माझ्याच डोळ्याचा रंग, कानशीनं घासून काढल्यासारखा. बाईंना तो यंत्राशिवाय दिसत नव्हता. मला दिसला. मला उलटी आली आणि सुमननं माझं डोकं धरलं.

आज या गोष्टीला काही वर्षं झाली. सूज उतरली, दाब थेंबांवर काबूत आहे. डाव्या डोळ्यात पुढं मोतीबिंदूही झाला, तो काढला, पण काच धुकट ती धुकटच. त्या बाजूनं माणूस आला तर आकार कळतो, तोंड कळत नाही. उजवा डोळा जसा होता तसा आहे. मी त्याच्यावर जाड चष्मा लावतो आणि कामाला बसलो की काढतो. नाकावरचे खळगे परत आले. आता मला त्यांचा राग येत नाही. इतकाच माझ्यात बदल झाला, मोठं शहाणपण वगैरे काही आलेलं नाही.

आभार दोघींचेच. मिरजेच्या बाईंचे, कारण आधी बघितलं आणि मग बोलल्या. आणि सुमनचे, जिला बाहेर बसवलं होतं. तुमचा डोळा लाल झाला, उजेड सोसेना, दिसणं कमी झालं, तर कुणी कारण सांगितलं म्हणून गप्प बसू नका. दुसऱ्याला दाखवा. आणि घरात जी व्यक्ती रोज तुमच्या डोळ्यात बघते तिला आत बसू द्या.

दादा पुन्हा जोतिबाला जायला लागलाय. गुलाल मात्र तो उधळत नाही, चिमूटभर देवाच्या पायाशी ठेवतो. दुकान बंद करून आम्ही दोघं चालत घरी जातो तेव्हा तो न चुकता माझ्या डाव्या बाजूला येतो, गाड्यांच्या अंगाला. मी किती वेळा म्हटलं, दादा, तुझा काही दोष नव्हता, डॉक्टरनं स्वतः कबूल केलं, तू ऐकलंस की.

"व्हय, ठाव हाय," तो म्हणतो, आणि डावीकडूनच चालत राहतो.